दुसऱ्या घाण्याआधी पहिल्याच्या दोन खेपा

पत्र थोडक्यात: सेलू तालुक्यातल्या एका ताईंनी दीड वर्षापूर्वी बचत गटाच्या कर्जातून लाकडी तेलघाणा घेतला. ३ एचपीची मोटार, एका खेपेला १५ किलो माल, सव्वा तासाची खेप. दिवसाला चार खेपा, महिन्याला २५ दिवस काम. मुख्य तेल करडईचं, अधूनमधून शेंगदाणा आणि तीळ. मोंढ्यातून (धान्याच्या घाऊक बाजारातून) ६८ रुपये किलोने करडई आणतात, तेल २८० रुपये लिटरने विकतात. पेंडीला २५ रुपये भाव मिळतो, त्यातली थोडी घरच्या दोन म्हशींना जाते. गिऱ्हाईक वाढतंय, पण गटाचा ६,००० चा हप्ता भरला की महिनाअखेर हातात काही उरत नाही. उधारी ७०,००० वर गेली आहे. दोघांनी तेलाला फेस येतो म्हणून बाटल्या परत आणल्या. प्रश्न असा: अनुदान मिळतंय तर दुसरा घाणा घ्यावा का?

ताई, नमस्कार.

सध्या तरी घेऊ नका. आठ तासांत तुमच्या घाण्यावर सहा खेपा निघतात, तुम्ही चार काढता. म्हणजे आहे त्या घाण्याचाच तिसरा हिस्सा रिकामा आहे. शिवाय ज्या खेपेत तुम्हाला नीट सुटत नाही, ती खेप दोन घाण्यांवर काढली तर न सुटणंच दुप्पट होईल.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे: "चार किलोला लिटर तेल पडतं, ६८ चोक २७२, आठ रुपये तेलात आणि पेंड सगळी नफ्यात." मराठवाड्यातले बरेच घाणे याच हिशोबावर चालतात आणि बसतातही याच हिशोबाने. उतारा, म्हणजे मालातून निघणारं तेल, तुम्ही बरोबर धरलाय. चूक आहे ती पेंडीला नफा म्हणण्यात. एक खेप कागदावर मांडू, मग दिसेल.

मोंढ्यातून १०० किलो करडई आणली: ६,८०० रुपये. हमाली, तोलाई आणि टेम्पो मिळून १२० धरा. चाळणीवर घातली की काटे, बोंडाचा भुसा, खडे, माती असं चार किलो तरी मातेरं निघतं. म्हणजे ६,९२० रुपयांत तुम्हाला ९६ किलो माल मिळाला, किलोला ७२ रुपये. घाण्यात जातो तो हा ७२ चा माल, ६८ चा नव्हे. १५ किलोचे झाले १,०८१.

वीज सव्वातीन-साडेतीन युनिट, ३५ रुपये. तुमच्या हातांची मजुरी ६० रुपये, दिवसाला ४०० च्या हिशोबाने. बाटल्या, झाकणं, लेबलं मिळून ५२. घाण्याची झीज, लाट (दाणे दाबणारा लाकडी दांडा) आणि पट्टा बदलणं, तेलपाणी यांचे ३०. एकूण १,२५८.

आता येणं. उतारा २४ टक्के, म्हणजे ३.६ किलो कच्चं तेल. गाळ बसल्यावर पाचेक टक्के जातं, राहिलं ३.४२ किलो. करडईच्या तेलाचं लिटर साधारण ९२० ग्रॅम भरतं, म्हणून लिटर झाले ३.७२. २८० ने १,०४२ रुपये. पेंड ११ किलो, २५ ने २७५. एकूण १,३१७. खेपेला राहिले ५९ रुपये, लिटरमागे जेमतेम १६.

महिन्याच्या १०० खेपांचे ५,९००. तुमची ६,००० मजुरी तुम्ही उचलत नाही, ती मिळवली की ११,९००. हे पैसे येतात, पण तीन भोकांतून गळतात. म्हशींना रोज चार किलो पेंड, महिन्याची ३,०००. घरात सहा लिटर तेल, तुम्हाला जितक्याला पडतं त्या भावाने १,६००. आणि दीड वर्षात ७०,००० उधारी म्हणजे दर महिन्याला ४,००० च्या आसपास. उरले ३,३००. त्यात झिजेचे म्हणून धरलेले ३,००० मिळवून तुम्ही ६,००० चा हप्ता भरता. हातात राहतात ३००. धंदा तोट्यात नाही, पण घाण्याच्या दुरुस्तीचा पैसा हप्त्यात जातोय. ज्या महिन्यात लाट फुटेल त्या महिन्यात हे कळेल.

वरचे आकडे मी तुमच्या पत्रावरून आणि बाजाराच्या अंदाजाने धरलेत. तुमचे स्वतःचे काढा. सलग पाच खेपांना चाळलेला माल, निघालेलं तेल, पेंड, आणि चार दिवसांनी निवळलेलं तेल काट्यावर घालून वहीत लिहा. पाचांची सरासरी हा तुमचा उतारा. मोंढ्यात कुणी "माझा ३० टक्के पडतो" म्हणालं तर त्याला विचारा, गाळासकट की गाळ बसल्यावर?

माल घेताना. एक टक्का उतारा म्हणजे खेपेला १५० ग्रॅम तेल, ४५ रुपये. तुमचे खेपेचे ५९ रुपये आठवा. दोन रुपये स्वस्त म्हणून पोचट करडई घेतली तर १५ किलोला ३० वाचतात आणि उतारा दोन टक्क्यांनी घसरला की ९० जातात. मावा ही कीड जोरात पडलेल्या शेतातली करडई अशीच चिपाड निघते. पावसात भिजलेली काळपट पडते, तिचं तेल गडद आणि उग्र येतं. पारखायला यंत्र लागत नाही. स्टीलचा एकच डबा ठरवा, तो काठोकाठ भरून तोला. तोच डबा ज्या मालाने जड भरेल तो दाणा भरलेला. दाणा दाताखाली धरला की टच्चकन फुटायला हवा, चेपला तर ओल आहे. दोन्ही गोष्टी आडतीवर उभ्या उभ्या होतात, आणि आडत्याला कळलं की तुम्ही डबा घेऊन येता, तर तो दाखवतानाच बरं पोतं पुढे ओढतो.

फेब्रुवारी ते एप्रिल हा करडई येण्याचा हंगाम. तेव्हाच वर्षाची भरून ठेवा असा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. तुमची वर्षाची गरज १८० क्विंटलची, म्हणजे बारा लाखांच्या वर. ते झेपणारं नाही. वखार महामंडळाच्या गोदामात माल ठेवून त्या पावतीवर बँकेचं कर्ज मिळतं हे खरं. पण १२ टक्के व्याजाने सहा महिने ठेवलं तर ६८ चा माल व्याजानेच ७२ वर जातो, वर गोदामाचं भाडं. दिवाळीपर्यंत भाव पाच-सहा रुपयांनी चढला नाही तर तुम्ही फुकट राखण केली असं होईल. दोन-अडीच महिन्यांचा माल हंगामात शेतकऱ्याकडून थेट घ्या, चाळून, तुमच्या काट्यावर. तिथे हमाली आणि मातेरं दोन्ही वाचतं. २०२६-२७ च्या रब्बी विपणन हंगामासाठी करडईचा हमीभाव ६,५४० रुपये क्विंटल आहे, तेव्हा स्वच्छ मालाला त्याच्या वर थोडं देऊनही तुम्हाला आजच्या ७२ पेक्षा स्वस्त पडेल.

बाटली डोळ्याने भरू नका. हे बारीक वाटेल, पण तुमच्या धंद्यात न दिसणारी सगळ्यात महाग गळती बहुधा हीच आहे. लिटरची बाटली गळ्यापर्यंत भरली तर त्यात ३०-४० मिली जास्त बसतं. तेल तुम्हाला लिटरला २६४ ने पडतं (१,२५८ मधून पेंडीचे २७५ वजा करा, ३.७२ ने भागा). ३० मिली म्हणजे आठ रुपये. लिटरमागच्या १६ मधले आठ तुम्ही वर भरून देता, आणि गिऱ्हाइकाला ते कळतही नाही. मे महिन्यात पत्र्याखाली तेल फुगतं आणि डिसेंबरात आकसतं, म्हणून खुणेवरही भरवसा नको. रिकामी बाटली काट्यावर ठेवा, शून्य करा, ९२० ग्रॅम घाला. कुणी "किलो द्या" म्हटलं तर किलोचा भाव वेगळा: लिटर २८० असेल तर किलो ३०५. किलोभर तेल लिटरच्या भावात दिलं की २५ रुपये गेले. काट्यावर वैधमापन खात्याचा त्या वर्षीचा शिक्का हवा.

फेस. परत आलेल्या बाटल्यांचं कारण ओल नाहीतर गाळ, बहुतेक वेळा दोन्ही. पेंड लवकर बांधून यावी म्हणून खेपेत पाणी मारतात. हात सैल पडला की ते पाणी तेलात उतरतं, आणि कढईत फसफसतं. पाणी मापाच्या वाटीनेच घाला, ज्या खेपेला जितकं घातलं ते वहीत लिहा. काही दिवसांत कळेल की कुठल्या मालाला किती कमी चालतं. मग तेल स्टीलच्या उभ्या टाकीत चार दिवस हलवू नका. टाकीची तोटी बुडापासून चार बोटं वर असावी, म्हणजे गाळ तळाशी राहतो. वरून काढलेलं तेल दुपदरी मलमलीतून गाळा. हिवाळ्यात पाच-सहा दिवस द्या, गार तेल हळू निवळतं. तळाचा गाळ त्याच दिवशी ताज्या पेंडीत कालवा. साठवून ठेवला तर आंबतो.

वासाचं वेगळं. करडईच्या तेलात हवेने लवकर बिघडणाऱ्या लिनोलिक आम्लाचा वाटा फार मोठा, म्हणून ते शेंगदाण्याच्या तेलापेक्षा लवकर खवट होतं. उजेड, उष्णता आणि हवा हे तिन्ही त्याचे वैरी. पत्र्याच्या शेडमध्ये पश्चिमेच्या भिंतीला मांडणी असेल तर ती आजच हलवा. भरलेल्या बाटल्या घरातल्या अंधाऱ्या खोलीत, दुकानात दोन-चारच. महिन्याला खपेल तेवढंच काढा. गिऱ्हाइकाने आणलेल्या जुन्या बाटलीत तेल भरू नका. तिच्या आतल्या खवट थराने ताजं तेल बिघडतं आणि नाव तुमचं जातं. तसंही खाद्यतेल सुटं विकायला मनाई आहे.

आता त्या दोन रिकाम्या खेपा. त्या मजुरीच्या करा, म्हणजे शेतकरी आपली करडई आणेल आणि आपलं तेल घेऊन जाईल. तुमच्या भागात घरची करडई असलेली माणसं कमी नाहीत, फक्त त्यांना काढून देणारं जवळ हवं असतं.

या खेपेत तुमचा खर्च वीज ३५, हात ६० आणि झीज ३०, म्हणजे १२५. माल, हमाली, बाटली यांत एक रुपया गुंतत नाही. पेंड तुम्ही ठेवून घेतली आणि मजुरी घेतली नाही, तर २७५ मधून १२५ जाऊन १५० राहतात. स्वतःच्या करडईच्या खेपेला ५९, लोकांच्या करडईच्या खेपेला १५०! रोज दोन खेपा धरल्या तर महिन्याला ७,५००, वर तुमची मजुरी ३,०००, आणि त्यात उधारीला जागाच नाही. पेंड घरी न्यायची असेल त्याला १५ रुपये किलो मजुरी लावा. खेपेचे २२५ येतील, म्हणजे १०० सुटतील.

यात भांडण होतं ते उताऱ्यावरून. "माझी इतकी करडई, तेल एवढंच कसं?" म्हणून माल त्याच्यासमोर चाळा, मातेरं वेगळं तोलून दाखवा, आणि तीन आकड्यांची चिठ्ठी द्या: स्वच्छ माल, तेल, पेंड. १५ किलोच्या खाली घेऊ नका, अर्धवट खेपेत घाण्याला बरंच तेल चिकटून राहतं आणि उतारा पडतो. दोघांचा माल एकत्र करायचा नाही, ते कितीही म्हणाले तरी. तेल कच्चं नेणार की चार दिवसांनी निवळलेलं, हेही आधीच ठरवा.

शेंगदाणा आणि करडई एकाच दिवशी काढत असाल तर आधी शेंगदाणा, मग करडई असा क्रम ठेवू नका. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला मागचा राहिलेला अंशही बाधतो. शेंगदाण्याचा दिवस वेगळा, त्यानंतर घाणा पूर्ण पुसून घ्यायचा, आणि एकाच घाण्यावर शेंगदाणा निघतो हे लेबलवर लिहायचं.

भाव. २८० चे ३०० करा. खेपेला ७४ रुपये वाढतात, ५९ चे १३३ होतात. पण आधी फेसाचं निस्तरा. तक्रार चालू असताना भाव वाढवला की माणूस भावाचं निमित्त करून जातो. ५ लिटरच्या कॅनला लिटरमागे २९० चा दर ठेवा, बाटल्यांचा खर्च तिथे वाचतोच. रिफाइंडच्या पिशवीशी भावाची तुलना करणारा तुमचा गिऱ्हाईक नाही, त्याच्या मागे लागू नका. आणि लेबलवर "हृदयविकार बरा होतो" वगैरे छापू नका, आजार बरा करण्याचा दावा खाद्यपदार्थावर करता येत नाही. नाव, पत्ता, निव्वळ माप, एमआरपी, काढल्याचा महिना, वापरण्याची शेवटची तारीख, बॅच क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण, संपर्क आणि एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक एवढं तरी नीट वाचता येईल असं हवंच.

उधारी. खेपेला ५९ सुटत असताना ७०,००० कमवायला जवळजवळ १,१९० खेपा लागतात, म्हणजे तुमचं वर्षभराचं काम लोकांच्या घरात आहे. खातेवहीतून तीन याद्या काढा. नोकरदार: पगाराच्या आठवड्यात जा, आणि मागचं मिटल्याशिवाय पुढची बाटली नाही. शेतकरी: त्याच्याकडे पैसा सोयाबीन-कापूस विकल्यावरच येतो, मधल्या काळात रोज विचारून उपयोग नाही, नातं मात्र बिघडतं. त्याला करडईच्या रूपात फेडू द्या, त्या दिवशीच्या मोंढ्याच्या भावाने, चाळून. तुम्हाला माल घरपोच मिळतो. तिसरे नात्यातले आणि गल्लीतले, त्यांच्यासाठी एकच वाक्य: "गटाचा हप्ता आहे, बाई." ते खरंही आहे. खाणावळ-हॉटेलवाल्यांना तर पहिल्या दिवसापासून रोख. त्यांच्या एका कॅनची उधारी तुमच्या दहा घरांइतकी असते. पुढे घरटी मर्यादा दोन लिटरची, नवीन गिऱ्हाइकाला उधारी नाहीच.

घराचं आणि घाण्याचं पाकीट वेगळं करा. घाण्याचं बँक खातं वेगळं, क्यूआर त्याच खात्याचा. म्हशींची पेंड २५ रुपयांनीच लिहायची आणि दुधाच्या पैशातून घाण्याला द्यायची. घरचं तेल २६४ ने. तुमची मजुरी दर शनिवारी खात्यातून उचला. एकदा महिना असा काढलात की म्हशी घाण्यावर जगतात की घाणा म्हशींवर, हे आपोआप दिसेल.

कागदांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) फुकट होते, पैसे मागणाऱ्याला देऊ नका. जीएसटीची मर्यादा मालासाठी वर्षाला ४० लाखांची, तुम्ही खूप खाली आहात; पण नातेवाइकांच्या ओळखीने हैदराबादला कुरिअरने बाटल्या पाठवायच्या म्हणाल तर राज्याबाहेर माल विकायला नोंदणी आधी लागते. अन्न परवान्यासाठी तेल काढण्याचा व्यवसाय म्हणून स्पष्ट नोंद करा, नुसती किराणा विक्रीची नोंद चालणार नाही. घाणा घरच्या मीटरवर असेल तर महिन्याची सव्वातीनशे युनिटं घरच्या युनिटांत मिसळून वरच्या दराच्या टप्प्यात जातात. महावितरणकडे औद्योगिक जोडणीचा अर्ज द्या.

दुसऱ्या घाण्याचं तेव्हा बघू, जेव्हा सलग तीन महिने रोज सहा खेपा भरतील, उधारी २०,००० च्या खाली येईल आणि झिजेचे ३० रुपये खेपेला खात्यात साठून राहतील. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेतलं अनुदान ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं आहे, उरलेल्या रकमेचा हप्ता तुमचाच. तेव्हा ती योजना चालू आहे का हे तालुका कृषी कार्यालयात विचारा, आणि घाणा घेण्याआधी शेडच्या जोडणीचा मंजूर भार दोन मोटारींना पुरतो का ते वायरमनला नव्हे, महावितरणच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या.